कातरवेलीचं आवतण

रणवीर कुंभाराचं लग्न मोडलं. मोडलं तेही रीतसर, सही-शिक्क्यानिशी, आणि शिक्का मारणारा खुद्द नवरदेव होता.

पण हे तुम्ही वाचलंच नाही असं धरू. कारण गोष्ट सुरू होते तेव्हा लग्न अगदी व्यवस्थित ठरलेलं होतं. हॉल बघून झाला होता, नवरदेवाच्या दाढीचा आकार दोन्ही घरांनी मिळून नक्की केला होता, आणि शिरसोळी गावात मोडलेलं असं काही नव्हतंच, शाळेपुढचा सोलरचा खांब सोडला तर.

रणवीर तालुक्याच्या वनौषधी मापन केंद्रात मापक होता. नाव रणवीर असलं तरी घरात पाल दिसली की तो आधी तिला जाऊ द्यायचा. गावचीच समृद्धी विजेवर चालणारी एसटी चालवायची, शिरसोळी ते तालुका आणि परत. रणवीर रोज ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचा. तिनं त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "ओ, पाय आत घ्या." त्यानं घेतले. पुढं वर्षभर याच धर्तीवर प्रेम वाढत गेलं.

घरी सांगायची वेळ आली तेव्हा मात्र पायच उपयोगी पडला. रणवीरच्या वडिलांच्या, सुनीलरावांच्या, अंगठ्यात खिळा घुसला होता. त्या काळात जंतूंना गोळ्यांची इतकी सवय झाली होती की गोळी आली की ते सरकून तिला जागा करून द्यायचे. डॉक्टरांनी तीन प्रकारची औषधं बदलून पाहिली आणि मग अंगठ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की सुनीलरावांनी पाय पांघरुणात ओढून घेतला. शेवटी समृद्धीच्या आईनं मलम दिलं. जखम सुकली, अंगठा राहिला, आणि अंगठ्यापायी सोयरीक झाली.

समृद्धीची आई म्हणजे सारिकाक्का. चिघळणाऱ्या जखमांवरचं त्यांचं कातरवेलीचं मलम पंचक्रोशीत माहीत होतं, आणि माहीत नसलेल्यांना त्या स्वतः सांगायच्या. घराच्या पुढच्या सोप्यात एका माजी आमदारांबरोबरचा फोटो होता. फोटोत आमदार उभे होते. आजूबाजूला तीन खुर्च्या रिकाम्या असून ते उभे का होते, हे आक्का प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर सांगायच्या.

आता मशीनबद्दल.

झाडपाल्याच्या कुठल्याही औषधात शेकडो रसायनं असतात. त्यातली जंतूंशी भांडणारी एखाद-दुसरी. बाकीची नुसती वऱ्हाडी. ती भांडणारी कोण आणि किती, हे शोधायला पूर्वी मोठी प्रयोगशाळा आणि त्याहून मोठा संयम लागायचा. मग गुणमापक आला. दिसायला इडलीपात्राएवढा. औषधाचा थेंब त्याच्या काचेवर टाकायचा. काचेत केसाहून बारीक पाट कोरलेले. त्यातून जाताना प्रत्येक रसायनाचा वेग वेगळा, त्यामुळं ती आपोआप एकमेकांपासून सुटी होतात. सुटं झालेल्या प्रत्येकावर प्रकाश पडतो. प्रत्येक रेणू त्या प्रकाशात आपल्या ठरावीक पद्धतीनं थरथरतो, त्या थरथरीवरून त्याचं नाव कळतं आणि तिच्या जोरावरून त्याचं प्रमाण. शेवटी तोच रस जिवंत जंतूंवर सोडून किती मेले ते मोजायचं. या सगळ्याचा मिळून एक अंक येतो. अंक नसेल तर औषध विकता येत नाही, शून्य आला तर करताही येत नाही, असा कायदा झाला.

कायदा चांगला होता. बाजारातली निम्मी भोंदू चूर्णं एका पावसाळ्यात गायब झाली. फक्त लोकांना अंकाची चटक लागली. हळदीचं दूध, ओव्याची पुरचुंडी, आजीचा काढा, जे सापडेल ते लोक केंद्रावर घेऊन येऊ लागले. स्थळं बघताना मुलीच्या घरच्या काढ्याचा अंक विचारू लागले. दोन भावांनी दारची तुळस मोजून घेतली आणि फांद्या वाटून घेतल्या. एका निवृत्त हेडमास्तरांनी जन्मभर प्यायलेल्या आल्याच्या चहाचा अंक पाहिला आणि आठवडाभर ते बायकोशी बोलले नाहीत. बायकोला ते बरं वाटलं, तो भाग वेगळा.

आणि एक दिवस केंद्राच्या यादीत सारिकाक्कांच्या मलमाचा नंबर लागला.

"मी हे मोजणं बरोबर नाही," रणवीरनं वर कळवलं. "विक्रेती माझी होणारी सासू आहे."

वरून उत्तर आलं, 'विवाह झालेला नसल्याने नाते सिद्ध होत नाही. मापन करावे.'

मापनाचा नियम कडक होता. लोक मलमात गोळ्या कुटून घालायचे, म्हणून मापकानं पाला स्वतःच्या हातानं खुडायचा, औषध स्वतः करायचं, आणि हे सगळं कोणासही पूर्वसूचना न देता. आक्कांनी कृती आधीच लिहून दिली होती, कातरवेलीची पानं, तिळाचं तेल, मेण. वेल कुठली तेही सांगितलं होतं, सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावरच्या, पाण्याच्या टाक्याजवळची. रणवीर एका दुपारी गुपचूप सड्यावर गेला. कातळाला धरून वेल पसरली होती, तजेलदार, बिनघोर. त्यानं पानं खुडली, केंद्रावर येऊन मलम केलं, थेंब टाकला.

शून्य.

काच पुसली, पुन्हा टाकला. शून्य. मशीन बिघडलं असेल म्हणून त्यानं शिपायाच्या डब्यातलं लसणीचं तिखट टाकून पाहिलं. तिखटाला भरपूर अंक पडला. शिपाई खूष झाला.

एक आकडा तेवढा बदलायचा, कोण बघणार आहे, हा विचार रणवीरच्या मनात आला. पण खोटा आकडा टाकायलाही जिगर लागते, आणि ती त्याच्याकडं कधीच नव्हती. त्यानं सही केली. शिक्का मारला.

"शून्य?" सारिकाक्का म्हणाल्या. त्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. सूप हवेतच राहिलं. "माझ्या मलमाला शून्य? आरं, तुझ्या बापाचा अंगठा काय माझ्या तोंडाकडं बघून बरा झाला व्हय?"

"मशीन सांगतंय, मावशी."

"मशीनला अंगठा हाय?"

"नाही."

"मग त्येला काय कळतंय? आनि तू रं? शिक्का मारताना हात न्हाई कापला तुझा?"

"कापला. म्हणून जरा तिरका उमटलाय."

सारिकाक्कांनी सूप खाली ठेवलं. सोप्यातल्या फोटोतले आमदारसुद्धा जरा सावरून उभे राहिल्यासारखे वाटले.

"मशीन खरं असंल तर मी खोटी," त्या म्हणाल्या. "खोट्या बाईची पोरगी कशाला करतोस? जा. मशीनच्या घरचं स्थळ बघ."

दुसऱ्या दिवशी रणवीर एसटीत नेहमीच्या जागी बसला. समृद्धीनं आरशातून पाहिलं.

"ओ," ती म्हणाली, "पाय आत घ्या."

अगदी परक्या माणसाला सांगावं तसं. त्यानं घेतले.

त्या आठवड्यात घरात कुणी रणवीरशी धड बोललं नाही. सुनीलराव खुर्चीत बसून तो अंगठा हलवत राहायचे, पंख्याच्या वाऱ्यावर, मुद्दाम, रणवीरच्या नजरेसमोर.

"मग ह्यो कुणी बरा केला?" एकदाच त्यांनी विचारलं. "का ह्यो पन शून्य हाय?"

तेव्हा कुठं रणवीरला सुचलं. फळीवर आक्कांनी दिलेली मलमाची डबी अजून होती, तळाशी थोडं मलम शिल्लक. ते त्यानं केंद्रावर नेलं आणि थेंब टाकला. मशीननं जो अंक दाखवला तो बघून त्यानं चष्मा पुसला, मग मशीनची काच पुसली, मग पुन्हा चष्मा. एवढा अंक त्या केंद्रात कशालाच पडला नव्हता, लसणीच्या तिखटालासुद्धा. गोळ्यांची भेसळ नव्हती. मशीनच्या यादीत नसलेलं एक अनोळखी रसायन मात्र होतं, कडवट, डबीभर. नोंद करायला नाव हवं म्हणून रणवीरनं त्याला कातरीन म्हटलं.

म्हणजे वेल तीच, कृती तीच. आक्कांनी केलेल्या मलमात रसायन भरलेलं, आणि त्यानं केलेल्यात औषधालाही नाही.

दुपारी तो डेपोत समृद्धीची वाट बघत थांबला. ती गाडी चार्जिंगला लावत होती.

"तुझी आई मलमात आणखी काय घालते?"

"काय बी न्हाई."

"कृतीत न लिहिलेलं काहीतरी असणार."

"मी लहानपणापासनं बघतोय. पाला, तेल, मेण." तिनं तारेची गुंडाळी खांद्यावरून खाली टाकली. "माझ्या आईला चोर म्हनायला आलायस?"

"तुझी आई खरी आहे म्हणायला आलोय. फक्त कशी, ते माहीत नाही."

समृद्धीनं त्याच्याकडं पहिल्यांदाच आरसा सोडून पाहिलं.

"अंक पडल्यापासनं दारात कुनी येत न्हाई, तरी ती उद्या मलम करनार हाय," ती म्हणाली. "हट्टानं. आज दिस मावळायला सड्यावर जाईल. चल. पर पाय वाजवू नकोस."

दोघं करवंदीच्या जाळीमागं बसली. आक्का आल्या त्या चक्क नऊवारीत. हातात हळदीकुंकवाची कोयरी. वेलीपुढं वाकून त्यांनी कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, एका फांदीला पिवळा दोरा गुंडाळला. मग खाली बसून त्यांनी वेलीच्या पेराला पेराला नखानं चिमटे काढले, अगदी शेंड्यापर्यंत, न कंटाळता.

"उद्या सकाळी यायचं हं बाई," त्या वेलीला म्हणाल्या. "सगळ्यांनी यायचं. रुसायचं न्हाई."

रणवीर जाळीतून उठला. करवंदीचे काटे त्याच्याबरोबर उठले.

"मावशी, हे कृतीत का नाही लिहिलं?"

आक्का दचकल्या, पण क्षणभरच. "कृतीत? आरं, आवतण हाय त्ये! कुनाच्या घरनं काय न्यायचं तर आदल्या दिशी सांगून याया नगं? मानसाची रीत हाय ती. जेवायला बोलवताना आवतण काय आमटीत घालतो व्हय?"

"आणि नखानं काय केलंत?"

"चिमटा काढला. लाडानं. लेकराच्या गालाला काढतो तसा. आमच्या सासूबाई काढायच्या, म्हनून मी काढतो."

रणवीरला एकदम आठवलं, नियमात काय लिहिलं होतं ते. कोणासही पूर्वसूचना न देता.

पुढचे काही दिवस तो सड्यावरच होता. आक्कांनी पाला नेल्यावर आधी वेलीचा अंक पुन्हा शून्यावर येऊ दिला, मग एका फांदीला नुसतं हळदीकुंकू वाहिलं. सकाळी शून्य. दुसरीला नुसता दोरा. शून्य. तिसरीला नुसतं तोंडी आवतण. ते त्यानं स्वतः दिलं, इकडंतिकडं बघून, तरी एका धनगरानं ऐकलंच आणि "येतो की," म्हणून उत्तर दिलं. शून्य. चौथीला काहीही न बोलता नुसते नखानं चिमटे काढले. सकाळी अंक आला, डबीतल्या मलमाच्या तोडीचा. दोन दिवसांनी त्याच फांदीचा अंक पुन्हा शून्यावर उतरला.

उलगडा झाला. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते रसायनांनी भांडतं. नख लागलं की वेलीला वाटतं, किडीनं दात लावला. जखमेतून एक इशारा निघतो, देठादेठातून पानापानात पोचतो, आणि रातोरात सगळी वेल कडू कातरीन तयार करून ठेवते. किडीनं तोंड फिरवावं आणि जखमेतून जंतू आत येऊ नयेत म्हणून. धोका टळला की ते बनवणं बंद. उगाच कोण दारूगोळा सांभाळत बसणार. त्या दुपारी रणवीरनं खुडली ती वेल निवांत होती. निवांत वेलीत औषध नसतं.

त्यानं तातडीनं वर अहवाल पाठवला. नमुना घेण्याच्या आदल्या संध्याकाळी वेलीला चिमटे काढायची परवानगी मागितली. उत्तर आलं, 'पूर्वसूचना देणे नियमबाह्य आहे. नियमात "कोणासही" असा शब्द असून त्यात वेलीचाही समावेश होतो. नोंदलेला अंक बदलण्याची तरतूद नाही.'

तरी तो आनंदात आक्कांकडं गेला. निदान त्या खोट्या नाहीत, हे तर सिद्ध झालं होतं. सोप्यात बसून त्यानं सगळं सांगितलं, हात हलवून, कीड, इशारा, पानं, कातरीन. समृद्धी दाराला टेकून ऐकत होती. आक्का आधी फुशारल्या. मग पुढं सरकून बसल्या.

"म्हंजे मी बोलवायला जातो," त्यांनी विचारलं, "तवा येलीला नक्की काय वाटतंय?"

इथं रणवीरला थाप मारता आली असती. मान मिळाला म्हणून ती खुलते, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. समृद्धी दारातून डोळ्यांनी तेच सांगत होती. पण ज्याला आकडा बदलता आला नव्हता, त्याला वेलीचं म्हणणं कुठलं बदलता यायला.

"तिला वाटतं," तो म्हणाला, "कुणीतरी खायला आलंय."

आक्कांनी आपली नखं पाहिली.

"लगीन होऊन आलो तवापासनं," त्या म्हणाल्या, "मी पावनी म्हनून बोलवतोय, आनि ती मला भेतीया व्हय?"

"मावशी, तिला मेंदू नसतो. भीती म्हणजे आपल्यासारखी नाही."

"नसू दे मेंदू. तुला तरी कुठं हाय?" त्यांनी कोयरी उचलली आणि देवघराच्या मागं, हात पोचणार नाही अशा जागी सरकवली. "आता न्हाई करनार मलम. आधी येलीला इचारून या. तिची हरकत न्हाई असं कळू दे. मग मलम. आनि मलम हाय तर लगीन हाय. बिनमलमाच्या घरची पोरगी म्हनून मी समृद्धीला कुनाच्या दारात न्हाई पाठवनार."

"वेलीला कसं विचारणार?"

"का? मशीन हाय की तुझं. सगळं कळतंय न्हवं त्येला?"

रणवीर समृद्धीच्या एसटीनं केंद्रावर परत निघाला. गाडीत तो एकटाच होता. पहिल्यांदा मशीननं लग्न मोडलं होतं ते मलमात गुण नाही म्हणून. आता ते पुन्हा मोडत होतं, गुण कुठून येतो ते कळलं म्हणून. हे त्यानं समृद्धीला मोठ्यानं सांगितलं. ती वळणावर होती, तिनं आधी वळण घेतलं.

"अर्ज कर," ती म्हणाली.

"कसला?"

"येलीच्या ना हरकत दाखल्याचा. तुझ्या हापिसला कर. त्यांनीच इचारू दे येलीला."

"असा अर्ज कोण मंजूर करेल?"

"कोन बी न्हाई. म्हनून तर कर." तिनं गाडी थांब्यावर उभी केली, उतरणारं कुणी नसताना. "माझी बदली निघाली हुती दोन वर्सांमागं. मी अर्ज घातला, गाडीला माझी सवय झालीया, गाडीचं मत घ्यावं. ते इचाराधीन हाय. जवर इचाराधीन हाय तवर बदली करता येत न्हाई. तुमच्या कायद्यात हाय का असं काय?"

रणवीरनं आठवून पाहिलं. होतं. मापनाविषयी अर्ज विचाराधीन असेपर्यंत अंकावरची कारवाई स्थगित राहील आणि परिस्थिती जैसे थे ठेवावी, असं कलमच होतं. अर्ज फेटाळला तर सगळं संपणार होतं. पण फेटाळण्याआधी चौकशी करावी लागते, आणि वेलीची चौकशी कुठल्या विभागाकडं येते, हे ठरवायलाच एक समिती लागणार होती.

दुसऱ्या दिवशी तो अर्जाची पोच घेऊन सोप्यात उभा होता. आक्कांनी पोच उलटीपालटी करून पाहिली, शिक्क्यावरून बोट फिरवलं. या वेळी तो सरळ उमटला होता.

"म्हंजे इचारलंय तिला?"

"विचारणा चालू आहे."

"तवर?"

"तवर जैसे थे, मावशी. म्हणजे तुम्ही जे करत होता ते करत राहायचं. थांबलात तर उलट आदेशाचा भंग होईल."

"आनि तिनं न्हाई म्हटलं तर?"

"तर ते लेखी कळवतील."

आक्कांनी पोच फोटोच्या चौकटीत खोचली, आमदारांच्या पायाशी. मग स्टुलावर चढून देवघरामागची कोयरी काढली. आदेशाचा भंग त्यांच्या घराण्यात कुणी केला नव्हता.

"लग्नाची तारीख तेवढी पुढची धरा," त्या स्टुलावरूनच म्हणाल्या. "आनि आवतण द्यायला आदल्या दिशी या. आयत्या वेळी बोलवलं तर माझ्यात बी गुन येत न्हाई."

त्या संध्याकाळी त्या सड्यावर गेल्या. समृद्धी आणि रणवीर उघडपणे मागं उभे होते. आक्कांनी कुंकू वाहिलं, दोरा बांधला आणि पहिल्या पेराशी त्यांचं नख थबकलं.

"अर्ज घातलाय गं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "जरा दम धर."

आणि चिमटा काढला.

अर्जाची नक्कल पुढे दिली आहे.

*

प्रति,
मा. संचालक, वनौषधी मापन संचालनालय

विषय : कातरवेलीचा ना हरकत दाखला मिळणेबाबत

महोदय,

मौजे शिरसोळी येथील सड्यावरील टाक्यालगतच्या कातरवेलीस मलमनिर्मितीच्या आदल्या सायंकाळी रीतसर आवतण देऊन नखाने चिमटे काढण्यात येतात. सदर बाबीस वेलीची हरकत आहे किंवा कसे, याबाबत आजतागायत वेलीकडे कोणीही विचारणा केलेली नाही.

तरी आपल्या स्तरावरून सक्षम अधिकाऱ्यामार्फत वेलीस समक्ष भेटून तिचे म्हणणे नोंदवून घ्यावे. भेटीपूर्वी वेलीस पूर्वसूचना देण्यात यावी. दरम्यान या मलमास पडलेला शून्य हा अंक पडलाच नाही, व त्या अनुषंगाने मोडलेले अर्जदाराचे लग्न मोडलेच नाही, असे धरण्यात यावे.

वेलीचे लेखी उत्तर प्राप्त करून त्याची प्रत अर्जदारास मिळावी, ही विनंती. वेलीस सही करता येत नसल्यास पानाचा ठसा चालेल.

आपला विश्वासू,
रणवीर सुनील कुंभार
(मापक)